नॅव्हिगेशन बारवरील बटणे दाखवणे आणि लपवणे: निर्णय एकाच ठिकाणी असावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयफोनच्या एका अ‍ॅपमध्ये वापरकर्त्याच्या माहितीची स्क्रीन यूआयकिट (स्क्रीन तयार करण्याचे ॲपलचे साधन) वापरून तयार केली आहे. माहिती नुसती पाहताना वर उजवीकडे ‘संपादन’ हे बटण दिसावे, माहिती बदलायला घेतल्यावर त्याच्या जागी ‘जतन’ हे बटण यावे आणि नोंदणीच्या शेवटच्या स्क्रीनवर मागे जाण्याचे बटण अजिबात दिसू नये, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मात्र एकदा लपवलेले बटण पुन्हा दिसत नाही, आणि कधी कधी त्याच ठिकाणी अ‍ॅप क्रॅश होते. बटणाचा रंग पारदर्शक करण्याचा उपाय करून पाहिला आहे. तो बरोबर आहे का, असेही विचारले आहे.

तो उपाय बरोबर नाही, आणि त्याची कारणे पुढे येतीलच. त्याआधी बटण परत का येत नाही ते समजून घेऊ, कारण परत न येणे आणि क्रॅश होणे या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असण्याची शक्यता फार मोठी आहे.

नॅव्हिगेशन बारवर, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर, दिसणारे बटण (‘यूआय बार बटन आयटेम’) हा व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर प्रत्यक्ष काढलेला घटक, नाही. स्क्रीनवर बटण काढून दाखवण्यासाठी नॅव्हिगेशन बारला लागणारे वर्णन तेवढे त्या ऑब्जेक्टमध्ये असते. प्रत्यक्ष व्ह्यू बार स्वतः तयार करतो. म्हणूनच साध्या व्ह्यूला लपवण्याची जी प्रॉपर्टी अगदी पहिल्यापासून आहे, ती या बटणाला अनेक वर्षे नव्हती. ‘इज हिडन’ ही प्रॉपर्टी बार बटणाला मिळाली ती आयओएस १६ मध्ये. त्याआधी बटण घालवण्याचा एकच सरळ मार्ग होता: नॅव्हिगेशन आयटेमच्या (बारवर काय दिसावे हे सांगणाऱ्या, प्रत्येक स्क्रीनच्या ऑब्जेक्टच्या) ‘राइट बार बटन आयटेम’ या प्रॉपर्टीला निल, म्हणजे ‘काहीच नाही’ ही किंमत, द्यायचे आणि बटण परत हवे असेल तेव्हा तोच ऑब्जेक्ट पुन्हा तेथे ठेवायचा. जुन्या आवृत्त्यांना आधार देणारी अ‍ॅप्स आजही हेच करतात, आणि नीट केले तर त्यात काहीही गैर नाही.

अडचण येते ती आउटलेटमुळे, म्हणजे स्टोरीबोर्डमधील (स्क्रीनच्या दृश्य आराखड्यातील) घटकाला कोडशी जोडणाऱ्या प्रॉपर्टीमुळे. स्टोरीबोर्डमधून ओढून जोडलेला आउटलेट एक्सकोड बहुधा वीक (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारा) म्हणून लिहून देतो. बटण बारवर असते तोपर्यंत नॅव्हिगेशन आयटेमने त्याचा स्ट्राँग (जिवंत ठेवणारा) रेफरन्स धरलेला असतो, त्यामुळे वीक आउटलेट व्यवस्थित चालतो. आपण निल दिले की तो एकमेव आधार सुटतो, बटणाचा ऑब्जेक्ट मेमरीतून जातो आणि आउटलेटही आपोआप निल होतो. यानंतर आपण तोच आउटलेट पुन्हा राइट बार बटन आयटेमला देतो, तेव्हा ती प्रॉपर्टी ऑप्शनल (निल चालणारी) असल्यामुळे स्विफ्ट ही भाषा काहीही तक्रार न करता निल स्वीकारते आणि बटण मुकाट्याने गायब राहते. पण त्याच आउटलेटवर आपण ‘इज एनेबल्ड’ बदलायला गेलो, किंवा त्याला बटणांच्या अ‍ॅरेमध्ये घालायला गेलो, तर निलचे सक्तीने अनरॅपिंग होते, म्हणजे नसलेली किंमत आहे असे धरून वापरली जाते, आणि अ‍ॅप त्याच क्षणी बंद पडते. म्हणजे एकाच चुकीचे दोन चेहरे दिसतात, आणि कोणता दिसेल हे कोडची कोणती ओळ आधी चालते यावर ठरते. उपाय एका शब्दाचा आहे: आउटलेटमधला ‘वीक’ काढून टाकावा. त्याहून चांगले म्हणजे ही बटणे कोडमध्येच ‘लेझी’ (पहिल्यांदा लागेल तेव्हाच तयार होणारी) प्रॉपर्टी म्हणून तयार करावीत, म्हणजे ती व्ह्यू कंट्रोलरच्या, म्हणजे ती स्क्रीन चालवणाऱ्या ऑब्जेक्टच्या, मालकीची राहतात आणि बारवर असोत वा नसोत, जिवंत असतात. लेझी प्रॉपर्टी निवडण्याचे आणखी एक कारण असे की बटणाला टार्गेट म्हणून ‘सेल्फ’ द्यायचा असतो, आणि प्रॉपर्टीला थेट सुरुवातीची किंमत देताना तो उपलब्ध नसतो.

एवढ्याने आजची तक्रार मिटेल. पण मला खरे सांगायचे आहे ते यापुढचे. अशा स्क्रीनच्या कोडमध्ये ‘हे बटण लपव’, ‘ते बटण दाखव’ अशा ओळी पाच-सात ठिकाणी विखुरलेल्या असतात: एक टेक्स्ट फील्ड बदलल्यावर, एक सर्व्हरचे उत्तर आल्यावर, एक अलर्ट बंद झाल्यावर, एक स्क्रीन पुन्हा दिसताना. प्रत्येक ओळ आपापल्या जागी योग्य असते. त्या कोणत्या क्रमाने चालतील हे मात्र कोणाच्याच हातात नसते, आणि मग ‘कधी कधी होते’ असे वर्णन करावे लागणारे दोष तयार होतात. म्हणून बटणांना वेगवेगळे हुकूम देणे थांबवावे. स्क्रीन कोणत्या अवस्थेत आहे ते एका एनममध्ये (ठरावीक पर्यायांच्या प्रकारात) ठेवावे आणि त्या अवस्थेवरून बटणांची पूर्ण यादी नव्याने ठरवणारे एकच फंक्शन लिहावे. अवस्था बदलली की ‘डिड सेट’मधून (किंमत बदलल्यावर आपोआप चालणाऱ्या कोडमधून) ते फंक्शन चालावे, आणि नॅव्हिगेशन आयटेमला हात लावण्याचा अधिकार त्या फंक्शनशिवाय दुसऱ्या कोणत्याही ओळीला असू नये.

आपल्या स्क्रीनपुरते बोलायचे तर चार अवस्था पुरेशा आहेत: माहिती पाहणे, संपादन सुरू पण अजून बदल नाही, संपादन सुरू आणि बदल झालेला, आणि जतन होत असलेले. पहिल्या अवस्थेत उजवीकडे ‘संपादन’ असेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत डावीकडे ‘रद्द’ आणि उजवीकडे ‘जतन’ असेल. फरक इतकाच की दुसऱ्यात ‘जतन’ निष्क्रिय असेल. चौथ्या अवस्थेत ‘जतन’च्या जागी फिरते चक्र असलेला कस्टम व्ह्यू येईल, ज्यामुळे वापरकर्ता दुसऱ्यांदा बटण दाबू शकणार नाही आणि एकच विनंती सर्व्हरला दोनदा जाणार नाही. अवस्था चारच असल्या तरी त्यांच्यातील संक्रमणे बरीच आहेत, उदाहरणार्थ जतन करताना नेटवर्क तुटले तर चौथ्यातून पुन्हा तिसऱ्यात यावे लागते. प्रत्येक संक्रमणासाठी वेगळा कोड लिहिण्याऐवजी प्रत्येक अवस्थेचे चित्र एकदाच लिहिले, तर अशी संक्रमणे विसरली जात नाहीत. सर्व्हरचे उत्तर हाताळताना अवस्था मेन थ्रेडवरच (स्क्रीनची कामे जेथे चालतात त्या मुख्य धाग्यावरच) बदलली जाईल याची खात्री करावी. बॅकग्राउंड थ्रेडवरून यूआयकिटला हात लावला तर बटण उशिरा दिसणे, न दिसणे किंवा क्रॅश होणे यांपैकी काहीही होऊ शकते.

यादी देताना क्रमाकडे लक्ष असावे. ‘राइट बार बटन आयटेम्स’ या अ‍ॅरेतील पहिले बटण अगदी उजव्या कडेला बसते आणि पुढची बटणे त्याच्या डावीकडे सरकत जातात. डाव्या बाजूच्या अ‍ॅरेत पहिले बटण डाव्या कडेला असते. बदल ॲनिमेशनसह हवा असेल तर ‘सेट राइट बार बटन आयटेम्स’ ही मेथड वापरावी. स्क्रीन अजून दिसलेली नसताना मात्र ॲनिमेशन देऊ नये; व्ह्यूची विंडो निल आहे का एवढे पाहिले तरी हा निर्णय घेता येतो. बटणे पहिल्यांदा ठरवण्याची जागा ‘व्ह्यू डिड लोड’ किंवा फार तर ‘व्ह्यू विल अपिअर’ ही आहे. ‘व्ह्यू डिड अपिअर’मध्ये ती ठरवली, तर स्क्रीन सरकत येऊन स्थिरावल्यानंतर बटण अचानक उगवते आणि ते डोळ्यांना खटकते.

केवळ ‘संपादन’ आणि ‘झाले’ अशी अदलाबदल हवी असेल, तर प्रत्येक व्ह्यू कंट्रोलरमध्ये आधीच असलेले ‘एडिट बटन आयटेम’ वापरावे. ते दाबल्यावर ‘सेट एडिटिंग’ ही मेथड चालते आणि बटणाचे शीर्षक आपोआप बदलते. ही मेथड ओव्हरराइड करताना ‘सुपर’ला बोलावणे विसरू नये, नाहीतर शीर्षक बदलणार नाही.

अ‍ॅपची किमान आवृत्ती आयओएस १६ किंवा त्यापुढची असेल, तर ‘इज हिडन’ निःसंकोच वापरावी. सर्व बटणे एकदाच अ‍ॅरेत ठेवायची आणि अवस्थेनुसार त्यांची ही प्रॉपर्टी बदलायची, ही रचना वाचायला सोपी असते. बटणांचा क्रम कायम राहतो आणि रेफरन्स सुटण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र तेथेही प्रत्येक बटणाची किंमत त्याच एका फंक्शनमध्ये ठरवली गेली पाहिजे.

आता पारदर्शक रंगाच्या उपायाकडे येऊ. ‘टिंट कलर’ पारदर्शक करून बटण निष्क्रिय केले, तर ते डोळ्यांना दिसत नाही, पण बारवर ते असतेच. त्याची जागा अडलेली राहते, त्यामुळे शेजारची बटणे आणि शीर्षक सरकत नाहीत. व्हॉइसओव्हर (स्क्रीनवरचे वाचून ऐकवणारी सुविधा) वापरणाऱ्या व्यक्तीला तर ते बटण सापडते, त्याचे नाव ऐकू येते, ते मंद आहे असेही सांगितले जाते, आणि जी गोष्ट या स्क्रीनवर नाहीच तिचा शोध घेण्यात तिचा वेळ जातो. आयओएस २६ पासून या उपायाचे बिंग सर्वांसमोरच फुटते. लिक्विड ग्लास या नव्या रूपात बारवरील बटणांना काचेसारखी पार्श्वभूमी मिळते, आणि आतला मजकूर अदृश्य झाला तरी ती पार्श्वभूमी रिकामी दिसत राहते. कस्टम व्ह्यू असलेल्या बटणात फक्त आतला व्ह्यू लपवला तरी हेच घडते. ॲपलच्या मार्गदर्शनातही हेच स्पष्ट सांगितले आहे की आतला व्ह्यू न लपवता संपूर्ण आयटेम लपवावा.

बटण लपवावे की निष्क्रिय ठेवावे, हा प्रश्न मला तांत्रिक तपशिलांइतकाच महत्त्वाचा वाटतो. माझे मत असे आहे की जे बटण वापरकर्त्याच्या स्वतःच्या पुढच्या कृतीने सक्रिय होणार आहे, ते दिसत राहावे आणि तोपर्यंत निष्क्रिय असावे. संपादन सुरू झाल्यावर ‘जतन’ दिसले, पण मंद दिसले, तर काहीतरी बदलल्यावर येथे दाबायचे आहे हे वापरकर्त्याला न सांगता कळते. तेच बटण पहिले अक्षर टाइप केल्यावर अचानक उगवले, तर अनेकांच्या ते लक्षातच येत नाही, कारण त्या क्षणी नजर कीबोर्डवर असते. याउलट, जे बटण या वापरकर्त्याला या स्क्रीनवर कधीच वापरता येणार नाही, उदाहरणार्थ परवानगी नसलेल्याला ‘हटवा’, ते पूर्णपणे काढून टाकावे. मात्र बटण काढणे म्हणजे परवानगी तपासणे नव्हे. ती तपासणी सर्व्हरवर झालीच पाहिजे, कारण विनंती पाठवण्यासाठी बटणच लागते असे नाही.

व्हॉइसओव्हरचा आणखी एक मुद्दा येथेच नोंदवतो. लक्ष ज्या बटणावर आहे तेच नाहीसे झाले, तर वाचन कोठून पुढे सुरू होईल याचा भरवसा नसतो. अशा वेळी ‘लेआउट चेंज्ड’ ही ॲक्सेसिबिलिटी सूचना पाठवून लक्ष कोठे जावे ते आपणच सांगावे. आपल्या स्क्रीनवर ‘संपादन’ दाबल्यानंतर ते पहिल्या टेक्स्ट फील्डवर जाणे योग्य ठरेल. बटणावर केवळ चिन्ह असेल, तर त्याचे ॲक्सेसिबिलिटी लेबलही अवस्थेबरोबर बदलावे.

मागे जाण्याच्या बटणाचे नियम निराळे आहेत, आणि तेथे गोंधळ होण्याचे कारण मालकीत आहे. मागे जाण्याच्या बटणावर जे शीर्षक दिसते ते मागच्या स्क्रीनच्या नॅव्हिगेशन आयटेममधून येते. ‘बॅक बार बटन आयटेम’ चालू स्क्रीनवर ठरवून काहीच बदलत नाही, ते त्यामुळेच. लपवण्याची सूचना मात्र चालू स्क्रीनच्याच नॅव्हिगेशन आयटेमवर द्यायची असते: ‘हाइड्स बॅक बटन’ला ट्रू द्यावे. चालू स्क्रीनने डावीकडे स्वतःचे बटण ठेवले, तरी मागे जाण्याचे बटण हटते. दोन्ही हवी असतील तर ‘लेफ्ट आयटेम्स सप्लिमेंट बॅक बटन’ ट्रू करावे. या दोन्ही प्रकारे मागचे बटण गेले की आयओएस ७ पासून असलेला, डाव्या कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याचा इशाराही सामान्यतः बंद होतो. पुष्कळदा फक्त बटणाचे रूप बदलायचे असते आणि हा इशारा नकळत गमावला जातो. तो परत मिळवण्यासाठी त्या इशाऱ्याच्या (जेश्चरच्या) डेलिगेटला, म्हणजे त्याचे निर्णय घेणाऱ्या ऑब्जेक्टला, निल देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मुळाच्या स्क्रीनवर, जेथे मागे काहीच नाही, तेथे बोट सरकवल्यावर त्यामुळे अ‍ॅप गोठल्यासारखे होऊ शकते. डेलिगेट स्वतः लिहून, स्टॅकमध्ये (एकावर एक उघडलेल्या स्क्रीनच्या चळतीत) एकाहून अधिक कंट्रोलर असतील तरच जेश्चर सुरू होऊ द्यावे.

आपल्या नोंदणीच्या शेवटच्या स्क्रीनसाठी मी बटण लपवण्याचा सल्ला देणार नाही. नोंदणी पूर्ण झाली आहे, मागच्या स्क्रीनवर परत जाण्याला आता काही अर्थ नाही, तर त्या स्क्रीन स्टॅकमध्ये ठेवायच्याच कशाला? ‘सेट व्ह्यू कंट्रोलर्स’ ही मेथड वापरून स्टॅकमध्ये फक्त शेवटची स्क्रीन ठेवावी. मागे काही नसल्यामुळे बटण येत नाही, बोट सरकवण्याचा इशारा लागू होत नाही, आणि नोंदणीच्या जुन्या फॉर्मनी अडवलेली मेमरीही मोकळी होते. पुलापलीकडे गेल्यावर परत यायचेच नसेल, तर पुलावर पाटी लावण्यापेक्षा पूल काढून घेणे बरे. संपादनाच्या स्क्रीनवर मात्र परिस्थिती वेगळी आहे: तेथे मागे जाता आले पाहिजे, पण न जतन केलेले बदल हरवता कामा नयेत. म्हणून संपादनाच्या अवस्थांत डावीकडे ‘रद्द’ ठेवावे आणि बदल झालेला असेल तरच ते सोडून द्यायचे आहेत का, असे विचारावे. स्क्रीन खालून वर येणाऱ्या शीटमध्ये असेल, तर ‘इज मोडल इन प्रेझेंटेशन’ही ट्रू करावे, नाहीतर शीट खाली ओढून वापरकर्ता हा प्रश्न टाळून बाहेर पडेल.

बटणे नीट ठरवूनही दिसत नसतील, तर ती कोणाच्या नॅव्हिगेशन आयटेमवर ठरवली आहेत ते पाहावे. बार फक्त स्टॅकमध्ये सर्वांत वर असलेल्या कंट्रोलरचा नॅव्हिगेशन आयटेम वाचतो. टॅब बार कंट्रोलर जर नॅव्हिगेशन कंट्रोलरच्या आत असेल, तर बारसमोर टॅब बार कंट्रोलरच असतो आणि आतल्या टॅबची बटणे त्याला दिसत नाहीत. प्रत्येक टॅबला स्वतःचा नॅव्हिगेशन कंट्रोलर देणे हीच तेथे योग्य रचना आहे. चाइल्ड कंट्रोलर म्हणून बसवलेल्या स्क्रीनचेही तसेच आहे. तिने आपली बटणे पेरेंटला कळवावीत.

स्विफ्टयूआय या ॲपलच्या नव्या साधनात अवस्थेवरून चित्र ठरवणे ही मूळ पद्धतच असल्याने वरचा बराचसा खटाटोप टळतो. ‘टूलबार’ मॉडिफायर आयओएस १४ पासून आहे; तो नॅव्हिगेशन स्टॅकला न लावता त्याच्या आतल्या व्ह्यूला लावावा. स्टॅकलाच लावणे ही तेथे नेहमी आढळणारी चूक आहे. मागचे बटण ‘नॅव्हिगेशन बार बॅक बटन हिडन’ने लपते, आणि आयओएस २६ मध्ये टूलबारच्या आयटेमलाच ‘हिडन’ मॉडिफायर लावता येतो.

अँड्रॉइडवर हेच काम करताना मेनू आयटेमची ‘सेट व्हिजिबल’ ही मेथड आहे, पण ती कोठूनही बोलावू नये. दृश्यता ‘ऑन प्रिपेअर ऑप्शन्स मेनू’मध्ये ठरवावी आणि अवस्था बदलल्यावर ‘इनव्हॅलिडेट ऑप्शन्स मेनू’ बोलवावी. अँड्रॉइड ३.० पासून वरच्या बारमधील मेनू कायम उघडाच मानला जातो, त्यामुळे आपण सांगितल्याशिवाय सिस्टिम तो पुन्हा तयार करत नाही. बटण जुन्याच स्थितीत अडकून राहते ते यामुळे. फ्रॅगमेंटसाठी आता मेनू प्रोव्हायडर वापरावा. वरचा बाण काढला तरी सिस्टिमचे मागे जाणे चालूच राहते, हे लक्षात ठेवून ‘ऑन बॅक प्रेस्ड कॉलबॅक’ वेगळा हाताळावा. फ्लटरमध्येही ‘ऑटोमॅटिकली इम्प्लाय लीडिंग’ फॉल्स केल्याने केवळ बाण जातो, मागे जाणे रोखायचे असेल तर ‘पॉप स्कोप’ लागतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये हेडरचे बटण ‘सेट ऑप्शन्स’मधून देताना ते ‘यूज लेआउट इफेक्ट’मध्ये द्यावे आणि अवलंबून असलेल्या सर्व किमती डिपेंडन्सीच्या यादीत लिहाव्यात, नाहीतर बटण दाबल्यावर जुनीच माहिती जतन होते.

बदल केल्यानंतर एक तपासणी जरूर करावी. मागे जाण्याचा इशारा चालू असलेल्या स्क्रीनवर डाव्या कडेवरून बोट अर्ध्यापर्यंत सरकवावे आणि पुन्हा मूळ जागी आणून सोडावे. या अर्धवट हालचालीत चालू स्क्रीनची ‘व्ह्यू विल डिसअपिअर’ चालते, नंतर तिचीच ‘व्ह्यू विल अपिअर’ पुन्हा चालते, पण ‘व्ह्यू डिड लोड’ चालत नाही. बटणे ‘व्ह्यू डिड लोड’मध्ये बसवून ‘व्ह्यू विल डिसअपिअर’मध्ये काढली असतील, तर वापरकर्ता त्याच स्क्रीनवर राहतो आणि बटणे मात्र निघून गेलेली असतात. तसे दिसले तर ‘व्ह्यू विल डिसअपिअर’मधील त्या ओळी काढून टाकाव्यात; पुढच्या स्क्रीनचा नॅव्हिगेशन आयटेम स्वतंत्र असल्याने त्यांची गरज मुळातच नसते.